पूर कुठल्या फांदीवर?

भाचीला शाळेत भूगोलाच्या शाखांचं झाड करून न्यायचं होतं. अक्षरशः झाड. ड्रॉइंगचा मोठा कागद फरशीवर पसरून, त्याची गुंडाळी होऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वह्या ठेवून ती पालथी पडली होती. बुंध्यावर ठळक अक्षरांत ‘भूगोल’. वर दोन जाड फांद्या, डावीकडे ‘प्राकृतिक’, उजवीकडे ‘मानवी’. डावीला भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, सागरविज्ञान, मृदा भूगोल, जैवभूगोल अशा डहाळ्या फुटलेल्या. उजवीला लोकसंख्या, वस्ती, आर्थिक, राजकीय, ऐतिहासिक. हिरव्या घोटीव कागदाची पानं कापून प्रत्येकावर एकेक शब्द लिहिलेला, आणि ती पानं ज्या त्या डहाळीवर चिकटवायची. ज्वालामुखी इकडे, बंदर तिकडे, भरती-ओहोटी इकडे, जनगणना तिकडे. काम झपाट्यानं चाललं होतं. मी शेजारी बसून फोनमध्ये काहीतरी वाचत होते. तेवढ्यात तिनं बोटाच्या टोकावर एक पान धरून विचारलं, “मावशी, पूर कुठं लावू?”

“प्राकृतिकला,” मी मान वर न करता म्हणाले. “पाऊस, नदी, सगळं तिकडचंच.”

ती थांबली. “पण बातम्यांत पूर दाखवतात तेव्हा नुसती घरंच दाखवतात.”

“डिंक वाळतोय. चिकटव.”

तिनं चिकटवलं. गोष्ट तेवढ्यावर संपली, झाड दुसऱ्या दिवशी शाळेत गेलं. माझ्या डोक्यातून मात्र ते पान जाईना. आपण एका मुलीला घाईत चुकीचं सांगितलं याची टोचणी होतीच, पण बरोबर उत्तर काय ते आपल्यालाही ठाऊक नाही, याची जास्त होती.

भूगोलाशी माझं नातं तसं ओशाळवाणं आहे. शाळेत हा विषय एकटा कधी आलाच नाही. नेहमी जोडीनं यायचा, इतिहास-भूगोल. एखाद्या माणसाबद्दल काहीच माहीत नसलं की आपण म्हणतो, त्याचा ना इतिहास ठाऊक ना भूगोल. तिथंही त्याचा नंबर दुसराच. इतिहासाकडे लढाया होत्या, भूगोलाकडे ‘भौगोलिक कारणे द्या’. अमुक किनाऱ्यावर बंदरं कमी आहेत. तमुक उतारावर पाऊस जास्त पडतो. दोन गुणांना दोन कारणं, मुद्देसूद, प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर. आम्ही ती कारणं पाढ्यांसारखी घोकायचो, आणि आपण ‘का’ला उत्तर देतोय हे आमच्या गावीही नसायचं. आवडायच्या त्या भोवतीच्या वस्तू. कापडाची पाठ लावलेला भिंतीवरचा नकाशा, वरखाली लाकडी दांडे, उलगडताना येणारा तो फडफडाट आणि खडूची धूळ. पत्र्याच्या पृथ्वीगोलाला प्रशांत महासागरात एक पोचा आलेला होता. अंगठा बरोब्बर त्यात बसायचा, त्यामुळे पृथ्वी फिरवायची ती तिथूनच. कोऱ्या नकाशात किनाऱ्यालगत निळी शिसपेन्सिल आडवी धरून घासायची, मग कापसानं पसरवायची, की समुद्र तयार. दिवसभर करंगळीची बाजू निळी राहायची.

एकदा बाईंनी दोरा दिला आणि किनाऱ्याची लांबी मोजायला सांगितली. नकाशावर दोरा ठेवत जायचं, वळण आलं की नखानं दाबायचं, शेवटी पट्टीवर सरळ करून प्रमाणानं गुणायचं. माझं उत्तर शेजारणीपेक्षा कितीतरी जास्त आलं, कारण मी प्रत्येक खाचखळग्यात दोरा घातला होता आणि तिनं सरळ रेटला होता. बाईंनी दोन्ही बरोबर दिली आणि पुढे गेल्या. बाई गोंधळ टाळताहेत असं मला वाटलं. पुष्कळ वर्षांनी लुई फ्राय रिचर्डसन या हवामान-गणितज्ञाबद्दल वाचलं. त्यानं निरनिराळ्या देशांनी सांगितलेल्या सीमांच्या लांबी ताडून पाहिल्या, तर स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातली एकच सीमा एका नोंदीत ९८७ किलोमीटर आणि दुसरीत १,२१४ निघाली. पट्टी जितकी लहान, रेषा तितकी लांब. बाई बरोबर होत्या, दोरे वेगळे होते. नकाशावरची इतकी साधी रेघही मोजणाऱ्यानुसार बदलत असेल, तर झाडावरच्या दोन फांद्यांमधल्या रेघेचं काय घेऊन बसलात?

या विषयावरचा जुना आरोप मराठीत पाच शब्दांत सांगता येतो. एक ना धड, भाराभर चिंध्या. खडक भूवैज्ञानिकाचे, ढग हवामानवाल्याचे, झाडं वनस्पतीशास्त्राची, बाजार अर्थशास्त्राचा, माणसं समाजशास्त्राची. मग भूगोलाचं स्वतःचं उरलं काय? हा प्रश्न नुसता टवाळखोरांचा नाही. १९४८ साली हार्वर्ड विद्यापीठानं आपला भूगोल विभाग बंद केला, त्यामागे पैशांची आणि माणसांमधली कारणं होती, पण तिथल्या अध्यक्षांचं मत होतं की भूगोल हा विद्यापीठात शिकवण्याचा विषयच नव्हे. मला यात गंमत वाटते ती वेगळीच. ‘भूगोल’ या अर्थाचा ग्रीक शब्द ज्याच्या नावावर सांगतात, त्या इरॅटोस्थेनिसला त्याच्या काळचे लोक ‘बीटा’ म्हणायचे असं सांगतात. बीटा म्हणजे वर्णमालेतलं दुसरं अक्षर, कारण हा माणूस गणितात, काव्यात, खगोलात, सगळ्यातच असायचा आणि सगळ्यातच दुसरा. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख. सायीनीच्या विहिरीची आणि सावलीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, सायीनीत ऊन थेट विहिरीच्या तळाशी, त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली, तिचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग, दोन गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया (लांबी मोजायचं ग्रीक माप), म्हणून पृथ्वीचा परीघ २,५०,०००. पण त्या हिशेबात काय काय लागलं ते बघा. सूर्य खगोलातला, कोन भूमितीतला, अंतर पायपीट करून मोजणाऱ्यांचं, आणि विहिरीच्या तळाशी वर्षातून एकदा ऊन पोचतं ही तिथल्या लोकांना ठाऊक असलेली गोष्ट. या चार चिंध्या शिवायला दुसऱ्या नंबरचाच माणूस लागला. एकेका विषयातल्या पहिल्या नंबरवाल्याला आपलं अंगण सोडून शेजारी डोकवायची गरज सहसा पडत नाही.

भाचीच्या झाडाचे दोन फाटेही काही आकाशातून पडलेले नाहीत. बर्नार्ड व्हॅरेनियस नावाच्या तरुणानं १६५० मध्ये अॅमस्टरडॅमला छापलेल्या ग्रंथात भूगोलाचे दोन भाग केले होते, पण ते निराळे. सगळ्या पृथ्वीला लागू पडणारे नियम तो सामान्य भूगोल, आणि एकेका प्रदेशाचं वर्णन तो विशेष भूगोल. दुसरा भाग लिहायला तो उरला नाही, तिशीही त्यानं गाठली नाही. पहिला भाग पुढे केंब्रिजमध्ये खुद्द न्यूटननं संपादित केला. म्हणजे झाड मुळात दुसरीकडेच फाटलं होतं, पद्धतशीर आणि प्रादेशिक असं. नंतर शंभर वर्षांनी कांट आला. क्योनिग्सबर्ग सोडून फारसा कुठंही न गेलेला हा तत्त्वज्ञ चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना प्राकृतिक भूगोल शिकवत होता. इतिहास घटनांना काळात मांडतो, भूगोल जागेत, असं त्याचं म्हणणं. मला हे आवडतं. वस्तूंची मालकी कुणाची का असेना, त्या एकमेकींच्या शेजारी का आहेत हे विचारायचं काम भूगोलाचं. आमची जोडी त्या अर्थानं योग्यच होती, फक्त शाळेत कुणी तसं सांगितलं नाही.

हे शेजार बघायचं वेड कुणाला किती लागावं? १८०२ च्या जूनमध्ये हुंबोल्ट हा जर्मन निसर्गअभ्यासक दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझोवर चढत होता. तो डोंगर त्या काळी जगातला सर्वांत उंच समजला जाई. बुटांतून पाणी झिरपलेलं, हिरड्यांतून रक्त येतंय, श्वास लागलाय, आणि हा थांबून थांबून वायुदाब मोजतोय, कुठलं झाड कुठल्या उंचीवर संपतं ते टिपतोय. ५,९०० मीटरच्या आसपास दरीनं वाट अडवली आणि तो परत फिरला. शिखर राहिलं. पण खाली येऊन त्यानं जे चित्र काढवून घेतलं, त्यात तो सबंध डोंगर उभा चिरलेला आहे आणि उतारावर ज्या त्या उंचीला झाडांची नावं बारीक अक्षरांत लिहिलेली आहेत, बाजूच्या रकान्यांत तापमान, हवेचा दाब, आकाशाचा निळेपणा, पिकं. आकाशाचा निळेपणा! त्यासाठी त्याच्याजवळ वेगळं उपकरण होतं. या चित्रात एकही फांदी दिसत नाही. पुढे १८१७ मध्ये त्यानं सारखं सरासरी तापमान असलेली ठिकाणं रेघांनी जोडली, आणि आम्ही वहीत हिरवीनिळी वळणं काढून ज्यांना कंटाळायचो त्या समताप रेषा जन्माला आल्या. जमिनीवर कुठेच न दिसणारी, तरी खरी असलेली रेघ.

माझा आवडता किस्सा मात्र सासऱ्या-जावयाचा आहे. व्लादिमिर क्योपेनचं हवामान वर्गीकरण शाळेत कोष्टकात यायचं, नुसती अक्षरं, म्हणून कुणाला आवडायचं नाही. पण हा माणूस मुळात वनस्पतींच्या अभ्यासातून आलेला, त्यामुळे त्यानं हवामानाच्या सीमा ठरवल्या त्या झाडांना विचारून. सर्वांत उबदार महिन्याची सरासरी १० अंश सेल्सिअसच्या खाली गेली की झाड वाढत नाही, तिथून ध्रुवीय हवामान सुरू. थर्मामीटरचा आकडा, पण बोलणारं झाड. त्याचा जावई आल्फ्रेड वेगेनर हवामानाचा अभ्यासक. त्यानं नकाशात अटलांटिकचे दोन किनारे एकमेकांत बसताना पाहिले, आणि १९१२ मध्ये खंडं सरकतात असं जाहीरपणे मांडलं. भूवैज्ञानिक खवळले, एक कारण हेही की, हा हवेतला माणूस आमच्या दगडांत कशाला? खंडं कशानं सरकतात ते त्याला नीट सांगता आलं नाही हे खरं, पण सरकतात हे खरं निघालं. पुढे दोघांनी मिळून प्राचीन काळातल्या हवामानांवर पुस्तक लिहिलं. त्या घरात जेवताना कुठल्या डहाळीवर गप्पा चालत असतील कोण जाणे.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण याच विषयाची एक आठवण मला अजून खटकते. आमच्या वहीत एक वाक्य होतं, बाईंनी लिहून दिलेलं : उष्ण प्रदेशातील लोक हवामानामुळे आळशी असतात. भौगोलिक कारण. मी ते परीक्षेत लिहिलं, दोनपैकी दोन मिळाले. ते लिहिताना हात घामानं कागदाला चिकटत होता, आणि हे वाक्य आपल्याबद्दलच आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ते वाक्य कुठून आलं हे पुढे कळलं. नियतिवाद. निसर्ग माणसाला घडवतो, थंड हवा कष्टाळू माणसं घडवते आणि उष्ण हवा सुस्त. ज्या देशांनी उष्ण प्रदेश जिंकले त्यांच्या विद्यापीठांत हे चांगलंच रुजलं, यात नवल नाही. प्राणीशास्त्रातून आलेल्या फ्रीडरिश राट्झेलनं राज्याला जिवंत प्राण्यासारखं मानलं, वाढत्या प्राण्याला जागा हवी तशी राज्यालाही. तो १९०४ मध्ये गेला, पण त्याचा ‘जगण्याची जागा’ हा शब्द नाझींनी उचलून कशासाठी वापरला ते सगळ्यांना माहीत आहे. समोर फ्रान्समध्ये व्हिदाल द ला ब्लाश म्हणत होता की निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, निवड माणूस करतो. त्याला शक्यतावाद हे नाव नंतर एका इतिहासकारानं दिलं. आम्ही दोन्ही वाद ‘फरक स्पष्ट करा’मध्ये समोरासमोर रकाने आखून लिहिले. मधल्या उभ्या रेघेच्या एका बाजूला केवढा अन्याय बसलेला आहे, हे त्या रेघेनं कळू दिलं नाही. भूगोल मला आवडतो, पण या विषयानं नकाशे काढून दिले आणि इतरांनी त्यावर पट्ट्या ठेवून सरळ रेघा मारल्या, हेही त्याच घरातलं आहे. आफ्रिकेचा नकाशा बघा. नदी, डोंगर, माणसं कशालाही न विचारता गेलेल्या त्या सीमा.

तर पूर.

चीनमधली ह्वांग हो नदी घेऊया. शाळेत ‘चीनचे अश्रू’ म्हणून एका गुणाची. ती पिवळी का, तर लोएस नावाच्या वाऱ्यानं वाहून आणलेल्या मऊ मातीच्या पठारातून येते म्हणून. म्हणजे पान मृदा भूगोलाच्या डहाळीवर. मैदानात उतरल्यावर वेग मंदावतो, गाळ तळाशी बसतो, पात्र वर उचललं जातं, ते भूरूपशास्त्र. पाऊस उन्हाळ्यात एकवटून पडतो, हवामान. पठारावरचं गवत आणि झाडी शतकानुशतकं शेतीसाठी काढली गेली म्हणून गाळ वाढला. आता आपण उजव्या फांदीवर आलो. माणसांनी दोन्ही काठांना बांध घातले, गाळ बांधांच्या आतच साचत गेला, पात्र आणखी वर आलं, बांध आणखी उंच केले. आज कित्येक ठिकाणी नदीचा तळच शेजारच्या जमिनीहून वर आहे. खाली घरं, वर नदी. बांध फुटला की नदी नुसती ओसंडत नाही, वाट बदलते. १८५५ मध्ये तिचं मुखच शांतुंग द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडून उत्तरेला गेलं. आणि जून १९३८ मध्ये चिनी सैन्यानं जपानी फौजांना अडवायला ह्वायुआनखौजवळ स्वतःहून बांध फोडला. मृतांचे आकडे लाखांत सांगितले जातात, आणि ती फूट १९४७ मध्ये बुजवली गेली. त्या पुराचं पान कुठं लावायचं? तिथं तर पाऊसही दुय्यम होता. राजकीय भूगोलाच्या डहाळीवर लावलं तर डिंकाबरोबर आपलेही हात बरबटतात.

अमेरिकेत गिल्बर्ट व्हाइट नावाच्या भूगोलतज्ज्ञानं १९४५ साली जे लिहिलं, त्याचा आशय असा की पूर ही देवाची करणी असेल, पण पुरातलं नुकसान ही बहुतांशी माणसाची करणी असते. त्यानं दाखवलेली गोष्ट वाचताना मी पुस्तक मिटून बसले होते. भिंत बांधली की लोकांना सुरक्षित वाटतं, सुरक्षित वाटलं की ते नदीच्या आणखी जवळ घरं बांधतात, आणि भिंत ज्या उंचीची बांधली त्याहून मोठं पाणी एक ना एक दिवस येतंच. नुसत्या भिंती बांधण्याऐवजी जमीन कुणी कशी वापरायची याचाही विचार करा, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. पूरमैदान हा शब्द तर आम्ही पाठच केला होता, व्याख्येसकट. नावातच लिहिलंय की ती जागा पुराची. तिथं राहायला आलेली माणसं मूर्ख म्हणून येतात असंही नाही; माती सुपीक असते, पाणी हाताशी असतं, आणि पुष्कळदा उंचावरची जागा त्यांना परवडत नाही. एकाच पाण्यात एकाचं तळघर भिजतं आणि दुसऱ्याचं घर जातं. हा फरक समोच्च रेषांवरून अर्धाच कळतो.

आता संगणकावर हे सगळं एकावर एक थर टाकून बघता येतं. भौगोलिक माहिती प्रणालीत नदीचा थर, उताराचा थर, मातीचा, घरांचा, उत्पन्नाचा. हवा तो चालू करायचा, नको तो बंद. लहानपणी आम्ही खिडकीच्या काचेवर दोन कागद धरून नकाशे गिरवायचो, त्याचीच ही सुधारून वाढवलेली आवृत्ती. झाडापेक्षा ही कल्पना मला पटते, थरांना आपापल्या फांदीवर बसावं लागत नाही. पण एखाद्या म्हातारीला तिच्याच अंगणातून होडीत बसवताना ती ज्या दाराकडे बघत राहते, त्या दाराचा थर अजून कुणाला टाकता आलेला नाही. यी-फू तुआनसारख्या भूगोलतज्ज्ञांनी तेही भूगोलातच मोजलं. अक्षांश-रेखांशानं ठरलेला बिंदू आणि कुणाचीतरी जागा, या दोन गोष्टी सारख्या नाहीत हे त्यांनी आयुष्यभर लिहिलं. भाचीच्या झाडावर त्यांची डहाळी नव्हती. मीही त्या दिवशी सुचवली नाही.

आठवड्यानं मी तिला फोन केला. मनात भाषण तयार होतं, ह्वांग हो, व्हाइट, सगळं. आधी विचारलं, झाडाचं काय झालं?

“दहापैकी दहा! बाईंनी वर्गात मागच्या भिंतीवर लावलंय.”

“अरे वा. आणि ते पुराचं पान गं...”

“ते पडलं,” ती म्हणाली. “डिंक वाळला होता ना. पंखा लावला की रोज फडफडायचं, काल पडलं.”

“मग?”

“माझ्या कंपासपेटीत आहे. बाई म्हणाल्या, डिंक आणून लाव परत.” मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं. ती ‘आले, आले’ म्हणाली आणि फोन तसाच ठेवून पळाली. तिच्या पावलांचा आवाज मी थोडा वेळ ऐकत राहिले.